डायरी, खिडकी आणि पोर्टल : विमा मध्यस्थांसाठीच्या ऑनलाइन सेवांचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : नागपूर व विदर्भ)

प्रस्तावना

नागपुरात कस्तुरचंद पार्कजवळच्या एका चौकाला लोक 'एल.आय.सी. चौक' म्हणतात. ऑटोरिक्षाचालकापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना तो ठाऊक आहे. मात्र काटोल, उमरेड, रामटेक या भागांतील ज्या कुटुंबांच्या लोखंडी कपाटात विमापत्रे जपून ठेवलेली असतात, त्यांतील फारच थोड्यांवर विमा कार्यालयाची पायरी चढण्याची वेळ येते. त्यांच्यापर्यंत विमा पोहोचला तो माणसाच्या रूपाने. हा माणूस बहुधा नात्यातला, शाळेतला किंवा ओळखीतला असे. त्याच्या पिशवीत प्रस्तावपत्रे, हप्त्यांचे तक्ते आणि एक डायरी असे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा मध्यस्थ आणि विमा संस्थांनी त्याच्यासाठी टप्प्याटप्प्याने उभारलेल्या संगणकीय व ऑनलाइन सेवा हा आहे. या सेवांचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो : आधी छिद्रपत्रांची यंत्रे, मग संगणक, मग जाळे, मग भ्रमणध्वनी. हा क्रम चुकीचा नाही, परंतु त्यातून हाती फारसे लागत नाही. विमेदाराविषयीची नोंद कोणाच्या ताब्यात राहिली, ती भरण्याचे श्रम कोणी केले आणि ती चुकली तेव्हा नुकसान कोणाचे झाले, हे तीन प्रश्न विचारले तर हाच इतिहास वेगळा दिसू लागतो. प्रत्येक टप्प्यावर नोंदीचा ताबा संस्थेकडे सरकत गेला आणि नोंद भरण्याचे काम मध्यस्थाकडे येत गेले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. ज्या सेवांनी या कामाच्या बदल्यात मध्यस्थाला व विमेदाराला काही परत दिले, त्या टिकल्या.

संज्ञांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. विमा प्रतिनिधी, म्हणजे रूढ भाषेतील एजंट, हा विमा कंपनीचा माणूस असतो. ब्रोकर हा कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो. मराठीत ब्रोकरला 'दलाल' हा शब्द उपलब्ध आहे. परंतु धान्याच्या अडतीपासून जमिनीच्या व्यवहारापर्यंतच्या अनुभवाने त्याला चिकटलेला डाग अजून गेलेला नाही. म्हणून येथे 'ब्रोकर' हाच शब्द वापरला आहे.

डायरीचा काळ

भारतीय भांडवलावरील विमा कंपन्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत उभ्या राहिल्या. 'ओरिएंटल' ही त्यांतील प्रमुख कंपनी १८७४ मध्ये स्थापन झाली. स्वदेशीच्या चळवळीनंतर हे लोण जिल्ह्याच्या गावांपर्यंत आले. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी सुरू केली. नागपुरातही 'नागपूर पायोनिअर'सारखी स्थानिक कंपनी होती. या कंपन्यांचा पसारा कार्यालयांच्या संख्येत मोजता येत नसे. शिक्षक, वकिलांचे कारकून, निवृत्त नोकरदार अशी माणसेच त्यांची शाखा होती.

१९३८ च्या विमा कायद्याने या माणसाला कायदेशीर अस्तित्व दिले. कलम ४२ नुसार त्याला परवाना आवश्यक ठरला आणि कलम ४० नुसार परवानाधारकाखेरीज इतरांना कमिशन देण्यास मनाई झाली. कलम ४१ ने प्रतिनिधीने आपल्या कमिशनातील वाटा ग्राहकाला देऊन व्यवसाय मिळवण्यास बंदी घातली. यासाठी दंडाची मर्यादा पुष्कळ वर्षे ५०० रुपये होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १० लाखांपर्यंत नेली. आकड्यातील ही उडी पाहता कलम ४१ किती पाळले गेले असेल, याचा अंदाज वाचकांनी स्वतःच करावा. १९५० च्या दुरुस्तीने मुख्य अभिकर्त्यांची, म्हणजे कंपनी व प्रतिनिधी यांच्यामध्ये बसून दोन्हीकडून कमाई करणाऱ्यांची पद्धत संपुष्टात आणली.

या काळात विमेदाराविषयीचे ज्ञान दोन ठिकाणी विभागलेले होते. कंपनीच्या खातेवहीत विमापत्राचा क्रमांक, रक्कम आणि हप्त्याची तारीख असे. प्रतिनिधीच्या डायरीत हेच तपशील असत, शिवाय आणखी एक तारीख असे : पैसे प्रत्यक्षात केव्हा हाती येणार ती. विदर्भात या दोन तारखांमध्ये पुष्कळ अंतर पडते. कापूस दिवाळीच्या आसपास घरात येऊ लागतो. संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा वेगळ्या महिन्यात येतो, मृग बहाराचा वेगळ्या. सहामाही हप्ता ऑगस्टमध्ये देय असेल तर तो भरण्यासाठी शेतकरी कुटुंबाला उसनवारी करावी लागते किंवा विमा खंडित होऊ द्यावा लागतो. जाणता प्रतिनिधी प्रस्ताव लिहितानाच हे पाही आणि विमापत्राची प्रारंभतारीख हंगामाशी जुळवून घेई. हे ज्ञान कंपनीच्या कोणत्याही रकान्यात नव्हते. त्यासाठी रकानाच नव्हता.

राष्ट्रीयीकरण आणि नोंदीचा ताबा

१९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकमाद्वारे आयुर्विमा कंपन्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले. तो निर्णय आकाशवाणीवरून जाहीर करणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे नागपूरला परके नव्हते. सनदी सेवेतील त्यांची उमेदीची वर्षे मध्यप्रांत-वऱ्हाडातच गेली होती. १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले तेव्हा त्यात १५४ भारतीय कंपन्या, १६ विदेशी कंपन्या आणि ७५ भविष्य निर्वाह संस्था, अशा एकूण २४५ संस्था विलीन झाल्या. त्या दिवशी नागपूर अद्याप मध्य प्रदेशाची राजधानी होते. दोनच महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. म्हणजे नागपूरच्या विमेदारांचे राज्य आणि विमा कंपनी दोन्ही एकाच हंगामात बदलले. प्रतिनिधी मात्र तोच राहिला.

२४५ संस्थांच्या खातेवह्या, त्यांचे वेगवेगळे तक्ते, वेगवेगळी क्रमांकपद्धती हे सारे एकत्र आणण्याचे काम अजस्र होते. शाखा, तीत विकास अधिकारी आणि त्याच्या हाताखाली प्रतिनिधी ही रचना या काळात पक्की झाली. कमिशनची पद्धतही स्थिरावली : दीर्घ मुदतीच्या विमापत्रांवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या २५ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि पुढे ५ टक्के. ठरावीक सेवेनंतर हे पुढचे कमिशन प्रतिनिधीच्या पश्चात त्याच्या वारसांनाही मिळते. यामुळे प्रतिनिधीची डायरी ही त्याच्या कुटुंबाची मिळकत ठरली. पुढे ऑनलाइन सेवा आल्या तेव्हा प्रतिनिधींनी त्यांच्याकडे आधी संशयाने का पाहिले, याचे एक मूळ येथे आहे.

परंतु कायद्याच्या दृष्टीने या डायरीला काय किंमत होती? याचे कठोर उत्तर हर्षद जे. शाह विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिले. विमेदाराने थकलेल्या हप्त्याचा धनादेश जून १९८७ मध्ये प्रतिनिधीच्या हाती दिला. तो वटला, पण रक्कम कार्यालयात जमा झाली ऑगस्टमध्ये, विमेदाराला अपघात होऊन गेल्यावर. तोवर सवलतीची मुदत उलटून विमा खंडित झाला होता. प्रतिनिधीला हप्ता स्वीकारण्याचा अधिकार महामंडळाने दिलेला नाही, १९७२ च्या नियमांत तसे स्पष्ट आहे, सबब प्रतिनिधीला दिलेले पैसे महामंडळाला दिलेले पैसे ठरत नाहीत, असा निर्णय झाला. वारसांना अपघाती विम्याची रक्कम मिळाली नाही.

हा निकाल कायद्याच्या अक्षराला धरून आहे. तथापि गावोगावचा व्यवहार अगदी उलट होता. प्रतिनिधी हप्ता घेऊन जातो, पावती आणून देतो, हीच तर त्याची 'सेवा' समजली जात होती आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत चालू होती. नियम एक आणि रूढी दुसरी, यांमधल्या फटीत एक कुटुंब सापडले. विमा मध्यस्थांसाठी ऑनलाइन सेवा का हव्यात, या प्रश्नाचे इतके थेट उत्तर दुसऱ्या कोणत्याही दस्तऐवजात मिळणार नाही. पैसे ज्या क्षणी हातातून सुटतात त्याच क्षणी संस्थेची पावती मिळाली असती तर हा खटलाच उभा राहिला नसता.

सर्वसाधारण विम्यात हीच फट कायद्याने वेगळ्या प्रकारे बुजवली होती. विमा कायद्याच्या कलम ६४-व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज जोखीम स्वीकारता येत नाही आणि प्रतिनिधीने घेतलेला हप्ता, आपले कमिशन न कापता, सुट्ट्या वगळून २४ तासांत कंपनीकडे जमा करावा किंवा टपालाने रवाना करावा लागतो. भामरागड किंवा सिरोंचाहून २४ तासांत रक्कम रवाना करणे म्हणजे काय, हे तो भाग पाहिलेल्यांना सांगावे लागणार नाही.

यंत्र आणि खिडकी

महामंडळात संगणक आला १९६४ मध्ये. तत्पूर्वी छिद्रपत्रांवर चालणारी यंत्रे पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून होती. संगणकाला कर्मचारी संघटनांनी तीव्र विरोध केला. कलकत्त्यातील 'इलॅको हाउस' या इमारतीत संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दिलेला पहारा हा भारतीय कामगार चळवळीतील एक गाजलेला अध्याय आहे. सरकारने नेमलेल्या स्वयंचलनविषयक समितीचे अध्यक्षपद अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे होते. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. या साऱ्या वादात कारकुनाची नोकरी केंद्रस्थानी होती आणि ते स्वाभाविकच होते. परंतु लाखो प्रतिनिधींचा त्यात आवाज नव्हता, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवली पाहिजे. यंत्र कोणाची नोकरी घेईल याची चर्चा झाली. ते बाहेरच्या माणसाला काय देईल याची झाली नाही.

ऐंशीच्या दशकात शाखा व विभागीय कार्यालयांत सूक्ष्मप्रक्रियकावर आधारित संगणक आले, पण ते पडद्यामागच्या कामासाठी. खरा बदल जुलै १९९५ मध्ये सुरू झाला. महामंडळाने शाखेच्या खिडकीवरच 'ऑनलाइन सेवा' देण्यास प्रारंभ केला आणि ती विमेदार व प्रतिनिधी अशा दोघांसाठी असल्याचे जाहीर केले. विमापत्राची सद्यःस्थिती, कर्ज किती मिळेल, खंडित विमा पुनरुज्जीवित करण्यास किती रक्कम लागेल, हे तत्काळ छापून मिळू लागले. येथे 'ऑनलाइन' याचा अर्थ महाजालावर असा नव्हे. शाखेतील संगणकावर प्रत्यक्ष नोंद पाहून, एवढाच होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये मुंबईतील ७४ शाखा एका महानगरीय जाळ्याने जोडल्या गेल्या आणि शहरातील कोणत्याही शाखेत हप्ता भरणे शक्य झाले. पुढे अन्य शहरांतही अशी जाळी झाली व ती एकमेकांना जोडली गेली. नोव्हेंबर २००५ पर्यंत ९१ केंद्रांतील २,०३५ हून अधिक शाखा या विस्तृत जाळ्यात आल्या होत्या.

प्रस्तुत लेखकाच्या बालपणी आमच्या वस्तीत येणारे एक विमा प्रतिनिधी होते. आम्ही मुले त्यांना 'विमावाले काका' म्हणत असू. शाखेतून आणलेले सद्यःस्थितीचे छापील कागद ते अभिमानाने दाखवीत. त्या कागदामुळे त्यांचा शब्द कार्यालयाचा शब्द झाला होता. पूर्वी 'चौकशी करून सांगतो' म्हणणारा माणूस आता पुरावा घेऊन येत होता. या टप्प्यावरील सेवा यशस्वी झाली याचे कारण तंत्रज्ञान प्रगत होते असे नाही (काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे होती ती). प्रतिनिधी जे काम आधीच करीत होता, तेच काम तिने सुकर केले. पुढे निवडक प्रतिनिधींना संकेतस्थळाद्वारे हप्ता स्वीकारून तेथेच अधिकृत पावती देण्याचा अधिकार महामंडळाने दिला. १९९७ च्या निकालात उघडी पडलेली फट अशा रीतीने, निदान अधिकारप्राप्त प्रतिनिधींपुरती, बुजली.

ब्रोकरचे आगमन आणि अनेक परवलीचे शब्द

रा. ना. मल्होत्रा समितीचा अहवाल जानेवारी १९९४ मध्ये सादर झाला, १९९९ मध्ये विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा झाला आणि ऑक्टोबर २००० पासून खासगी कंपन्यांची नोंदणी सुरू झाली. हा इतिहास वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांना परिचित असल्याने त्यात शिरत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २००२ हे आहे. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन ब्रोकरना मान्यता मिळाली आणि ब्रोकरविषयक विनियम आले. थेट ब्रोकरसाठी ५० लाख, पुनर्विमा ब्रोकरसाठी २ कोटी व संयुक्त ब्रोकरसाठी अडीच कोटी रुपये किमान भांडवल ठरले. २०१८ च्या विनियमांनी हे आकडे अनुक्रमे ७५ लाख, ४ कोटी व ५ कोटी केले. ब्रोकर संस्थेच्या प्रमुख अधिकाऱ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विमा अकादमीची परीक्षा द्यावी लागते.

ब्रोकरमुळे ऑनलाइन सेवेच्या रचनेचा प्रश्नच बदलला. प्रतिनिधी एका आयुर्विमा कंपनीशी बांधलेला असतो. त्याला एक पोर्टल, एक परवलीचा शब्द पुरतो. ब्रोकरने अनेक कंपन्यांकडून दर मागवून ग्राहकाला निवड करून द्यायची असते. प्रत्येक कंपनीने आपापले पोर्टल बांधले. परिणामी बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या आगविम्यासाठी बांधकामाचा प्रकार, साठ्याची किंमत, अग्निशमनाची व्यवस्था हीच माहिती चार कंपन्यांच्या चार वेगळ्या रकान्यांत चार वेळा भरण्याची पाळी ब्रोकरच्या कार्यालयावर आली. पूर्वी हे काम कंपनीचा कारकून करीत असे. 'ऑनलाइन सेवा' या नावाखाली ते ब्रोकरच्या टेबलावर आले, आणि त्याची वेगळी मजुरी कोणी दिली नाही.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. अमेरिकेत स्वतंत्र विमा प्रतिनिधींच्या कार्यालयांत निरनिराळ्या कंपन्यांनी आपापली संगणकीय टर्मिनल बसवली, तेव्हा हीच तक्रार झाली होती. तेथे १९७० मध्ये 'अ‍ॅकॉर्ड' ही ना-नफा संस्था प्रथम कागदी अर्जांचे समान नमुने करण्यासाठी उभी राहिली आणि पुढे तिने संगणकीय देवाणघेवाणीची समान मानके बनवली. माहिती एकदाच भरावी आणि ती अनेक कंपन्यांकडे जावी, ही मागणी तेथील प्रतिनिधींनी लावून धरली. म्हणजे समान अर्जाचा नमुना आधी आला आणि समान संगणकीय भाषा नंतर. आपल्याकडे पोर्टल आधी आली. हा उलटा क्रम पुढील अनेक अडचणींचे मूळ आहे, असे मला वाटते.

त्यात २००७ ची भर पडली. १ जानेवारी २००७ पर्यंत आग, अभियांत्रिकी व मोटार विम्याचे दर दर-सल्लागार समितीने ठरवून दिलेले असत. दर सर्वत्र एकच असल्याने पोर्टलला फक्त हिशेब करून पावती द्यायची होती. दर खुले झाल्यावर, मोटारीचा तृतीयपक्ष विमा वगळता, प्रत्येक प्रस्तावासाठी वाटाघाट आली. कागदावर ती पत्राने, दूरध्वनीने होत असे. पोर्टलच्या रकान्यात 'अधिकाऱ्याशी बोलून ठरले' असे लिहायला जागा नसते. म्हणून मोठ्या जोखमींचे व्यवहार पुष्कळ अंशी ई-मेलवरच राहिले आणि पोर्टलवर प्रामुख्याने मोटार, आरोग्य, प्रवास असे साचेबंद विमे आले. डायरीतील दुसऱ्या तारखेप्रमाणेच येथेही यंत्राबाहेर राहिलेले ज्ञान व्यवहाराच्या गाभ्याचे होते.

सही, अंगठा आणि सांकेतिक क्रमांक

प्रस्तावपत्राच्या शेवटी एक लहानसा चौकोन असतो. प्रस्तावकाने स्थानिक भाषेत सही केली असेल किंवा अंगठा उठवला असेल, तर अर्जातील मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे प्रतिज्ञापन तेथे दुसऱ्या व्यक्तीने करायचे असते. विमेदारांच्या हितसंरक्षणाच्या २००२ च्या विनियमांनी ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली. विमाविषयक कागद राज्यघटनेने मान्यता दिलेल्या भाषांत उपलब्ध करण्याची मुभाही दिली. विमा कराराचा पाया परम सद्भाव हा आहे; आजार लपवला तर दावा नाकारला जाऊ शकतो. 'यापूर्वी कोणत्या रोगासाठी उपचार घेतले?' या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला प्रश्न समजला होता की नाही, यावर त्याच्या पश्चात कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते. त्या चौकोनातील चार ओळी म्हणूनच औपचारिक नव्हेत.

ऑनलाइन अर्जात या चौकोनाची जागा भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाने घेतली. कोविड काळात, २०२० मध्ये, प्राधिकरणाने आयुर्विमा प्रस्तावावर प्रत्यक्ष सहीऐवजी इलेक्ट्रॉनिक संमती घेण्यास परवानगी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महामंडळाने प्रतिनिधींसाठी 'आनंदा' हे कागदविरहित प्रस्तावाचे अ‍ॅप आणले. टाळेबंदीत हजारो प्रतिनिधींची चूल त्यामुळे पेटती राहिली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि एक प्रश्न उरतो. ग्रामीण कुटुंबात भ्रमणध्वनी पुष्कळदा मुलाच्या हाती असतो. आईच्या प्रस्तावाचा सांकेतिक क्रमांक मुलाने वाचून दाखवला, तर संमती कोणाची झाली? अंगठ्याचा ठसा निदान तिचा होता. समजावून सांगणाऱ्या माणसाचे नाव त्या चौकोनात होते, त्याला उद्या विचारता येत होते. सांकेतिक क्रमांक समजावून सांगत नाही.

पीकविम्याचा धडा

मध्यस्थांसाठी ऑनलाइन सेवा घाईने उभारली तर काय घडते याचे ताजे उदाहरण विदर्भाच्या दारातच आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून लागू झाली. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या खरिपात शेतकऱ्याचा हिस्सा केवळ १ रुपया ठेवून उर्वरित हप्त्याचा भार स्वतः उचलला. अर्ज ऑनलाइनच करायचा होता आणि तो मुख्यतः सामूहिक सेवा केंद्रांतून भरला जाई. प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकास ४० रुपये विमा कंपनीने द्यायचे, अशी व्यवस्था होती. त्या एका हंगामात १ कोटी ७० लाखांहून अधिक अर्ज आले.

येथे मध्यस्थाची प्रेरणा आणि पूर्वीच्या प्रतिनिधीची प्रेरणा यांची तुलना उद्बोधक आहे. आयुर्विमा प्रतिनिधीला पुढची अनेक वर्षे ५ टक्के मिळत राहावेत म्हणून विमेदार टिकवणे भाग होते. केंद्रचालकाला अर्ज दाखल होताच ४० रुपये मिळत. पुढे दावा मिळतो की नाही याच्याशी त्याचा आर्थिक संबंध नव्हता. शासकीय जमिनी, इतरांची शेते, न पेरलेली पिके दाखवून अर्ज झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. १ रुपयाऐवजी शेतकऱ्यांकडून अधिक रक्कम उकळल्याच्याही आल्या. २०२५ च्या खरिपापूर्वी ही सवलत बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपासाठी २, रब्बीसाठी दीड आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के करण्यात आला. सर्व दोष केंद्रचालकांवर ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. बहुसंख्य केंद्रचालक रात्ररात्र जागून, सर्व्हर मंद असताना, रांगेतल्या शेवटच्या शेतकऱ्याचा अर्ज भरत होते. रचना करणाऱ्यांनी त्यांना केवळ अर्ज भरणारे हात मानले. नुकसान झाल्यावर ७२ तासांत पूर्वसूचना द्यायची आहे, हे शेतकऱ्याला आठवून देणारा माणूस त्या रचनेत कोणीच नव्हता.

अलीकडची पावले

प्राधिकरणाने २०२४ मध्ये 'बीमा सुगम' या सामाईक इलेक्ट्रॉनिक बाजारपेठेचे विनियम अधिसूचित केले. सर्व कंपन्या, मध्यस्थ आणि ग्राहक एकाच मंचावर यावेत, अशी त्यामागची कल्पना आहे. ब्रोकरची 'एकदाच भरा' ही जुनी मागणी त्यातून पुरी होऊ शकते. त्याच वेळी मध्यस्थाला वगळून थेट ग्राहकापर्यंत जाण्याचा मार्गही त्यातून खुला होतो. कोणती बाजू वरचढ ठरेल हे मंचाच्या तंत्रापेक्षा मध्यस्थाला त्यात कोणते अधिकार मिळतात यावर ठरेल. आपण आणलेल्या विमेदाराची संपूर्ण नोंद त्याला पाहता येईल काय, चूक दुरुस्त करता येईल काय, कंपनी बदलली तरी ती नोंद ग्राहकासोबत जाईल काय, हे प्रश्न तपशिलाचे वाटले तरी विसाव्या शतकातील डायरीच्या मालकीचेच आहेत.

दुसरीकडे, ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे आयुर्विमा महामंडळाची 'विमा सखी' योजना सुरू झाली. दहावी उत्तीर्ण महिलांना प्रतिनिधी म्हणून घडवताना पहिल्या तीन वर्षांत दरमहा अनुक्रमे ७,०००, ६,००० आणि ५,००० रुपये विद्यावेतन देण्याची तिच्यात तरतूद आहे. २०२२ मध्ये भागविक्री झाली तेव्हाच महामंडळाकडे १३ लाखांहून अधिक प्रतिनिधी होते. सर्व काही भ्रमणध्वनीवर आल्याचे सांगितले जात असताना देशातील सर्वांत मोठी विमा संस्था पुन्हा माणसेच नेमत आहे, ही बाब विसंगत वाटली तरी वरील विवेचनानंतर आश्चर्याची वाटू नये.

या विषयाच्या अभ्यासकाला एक व्यावहारिक अडचण जाणवते. महामंडळाचे वार्षिक अहवाल, प्राधिकरणाचे विनियम, न्यायनिर्णय ग्रंथालयांत मिळतात; प्रतिनिधींच्या डायऱ्या मात्र दरवर्षी रद्दीत जातात. आपल्या विभागातील महाविद्यालयांच्या इतिहास व वाणिज्य विभागांनी त्या मिळवून जतन केल्या, तर विदर्भातील घरगुती अर्थव्यवस्थेचे एक अस्पर्श साधन हाती येईल. वर उल्लेखिलेल्या काकांच्या दोन डायऱ्या त्यांच्या मुलाने मला पाहावयास दिल्या. प्रत्येक पानावर शाईने विमापत्राचा क्रमांक आणि हप्त्याची तारीख आहे. तिच्या शेजारी अनेक ठिकाणी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलेले आहे : 'संत्रा विकल्यावर', 'पोरीचे लग्न झाल्यावर', आणि एका पानावर नुसतेच, 'घाई करू नये'.